भिंतीएवढा फलक

'जैसे थे मंचा'च्या स्थानिक शाखेने चौकात जाहीर सभा घेण्याचे ठरवले आणि सभेचा फलक रंगवण्याचे काम सर्वानुमते पेंटरकडे सोपवले. सर्वानुमते हा शब्द इथे शोभेसाठी आलेला नाही. मंचाचे सगळेच ठराव सर्वानुमते होत, कारण सर्वांत वडील सभासदाच्या आधी कुणी तोंड उघडायचे नाही, अशी तिथली रीत होती. हे सर्वांत वडील सभासद म्हणजे आजोबा. बैठकीच्या खुर्चीत टेकले की त्यांचा डोळा लागत असे. त्यामुळे मतभेदाला मंचात कधी वावच मिळाला नव्हता.

पेंटर हा मंचाचा मनापासूनचा कार्यकर्ता. छापील फलकांची चलती झाल्यापासून त्याच्या कुंचल्याला कुणी विचारत नव्हते, आणि मंचाने तर छापील फलकांवर बहिष्कारच घातलेला. पण खरे कारण त्याचे दुकान होते. नगरपालिका रस्ता रुंद करायला निघाली होती आणि दुकान नेमके त्या रुंदीत येत होते. नियम असा, की जुन्या वास्तूच्या चारही भिंती उभ्या आहेत तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. एक जरी भिंत पडली, तरी ती वास्तू न राहता कागदोपत्री मोकळी जागा ठरते. वडिलांनी बांधलेल्या त्या चार भिंतींना पेंटर डोळ्यांत तेल घालून जपत होता. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी तो आधी बायकोला विचारत असे.

शाखाप्रमुख स्वतः दुकानात आले. त्यांचा फरशांचा धंदा होता, त्यामुळे मापाची त्यांना उपजत जाण होती.

"विरोधकांचा फलक बघितलात ना? आपला साधेपणा त्याच्यापेक्षा मोठा दिसला पाहिजे."

"किती मोठा करू साहेब?"

"ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि दार लावून काम करा. सभेच्या आधी कुणाच्या नजरेस पडता कामा नये."

पेंटरने दार लावून घेतले. सुताराने आतच फळ्या जोडून चौकट ठोकली. पेंटरने मधोमध सभेला येणाऱ्या नेत्यांचा चेहरा काढला, तोही इतका हुबेहूब, की नेत्यांनी पाहिला असता तर वाईट वाटून घेतले असते. म्हणून मग त्याने दोन हनुवट्यांची एक करून टाकली. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना वळणदार अक्षरांत घोषणा उतरली: 'ह्या गावाची एकही वीट हलू देणार नाही.' शेवटची वेलांटी ओढताना पेंटरला भरून आले. आपलेच गाऱ्हाणे आपण लिहितो आहोत आणि आता ते सगळे गाव वाचणार, असे त्याला वाटले.

बायको चहा घेऊन आली. तिने फलक पाहिला, मग दार पाहिले.

"हे बाहेर कसं काढणार?"

"आधी रंग तर वाळू दे," पेंटर म्हणाला. तिने कप जरा जोरातच ठेवला.

सभेच्या दिवशी सकाळपासून दुकानापुढे कार्यकर्ते जमू लागले. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले, सगळ्यांचे चेहरे गंभीर. फलक आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, तिरका करून पाहिला. तिरका केल्यावर नेत्यांचा कान दाराबाहेर आला आणि तिथेच अडकला. बाहेरच्या कार्यकर्त्यांनी कानालाच हार घातला.

सुतार पुढे झाला. "मधून कापतो. बाहेर नेऊन परत जोडतो. कळणारसुद्धा नाही."

शाखाप्रमुखांनी त्याच्याकडे असे पाहिले, की सुताराने करवत पाठीमागे लपवली. "करवत नेतेसाहेबांच्या नाकावरून जाईल. आणि फलकाचे दोन तुकडे झाले की विरोधक काय म्हणतील? मंच फुटला. दार काढून बघा."

दार काढले, दाराची चौकटही काढली. तरी जमेना. आता अडत होती ती फक्त भिंत.

रस्त्यावरच तातडीची बैठक भरली. आजोबांना खुर्ची दिली. ते टेकले आणि डोळा लागला. शाखाप्रमुखांनी ठराव मांडला, की गावाच्या भिंती वाचवण्याच्या व्यापक हितासाठी प्रस्तुत भिंत तात्पुरती बाजूला घेण्यात यावी. कुणाचे काही म्हणणे आहे का?

सगळ्यांनी आदराने आजोबांकडे पाहिले. आजोबा घोरत होते.

"उठवा की त्यांना," बायको पेंटरच्या कानाशी लागली. "तुमच्या दुकानाचं बोलणं चाललंय."

पेंटर खुर्चीपाशी गेला आणि वाकला. "आजोबा," तो पुटपुटला. शाखाप्रमुखांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात प्रेमळ होता आणि जड होता.

"पेंटर, थोरामोठ्यांची झोप मोडणारी माणसं निराळी. ती तिकडे, विरोधकांत."

पेंटरचा हात आपोआप मागे आला. त्याच्या घशात आवंढा होता, पण आवंढ्याला मत मानण्याची मंचात पद्धत नव्हती. ठराव सर्वानुमते संमत झाला.

भिंत पाडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्यकर्त्यांनी एकेक वीट अदबीने उतरवली आणि शेजारी रचून ठेवली. एकही वीट हलवण्यात आलेली नाही, सर्व विटांना विश्रांती देण्यात आली आहे, असे शाखाप्रमुखांनी जाहीर केले. तेवढ्यात फलक बाहेर आला आणि असा जयघोष झाला, की छपराची दोन कौले घसरली. पेंटरनेही हात वर केला होता. सवयच ती.

गर्दीत नगरपालिकेचे इंजिनियरही होते, सुट्टी काढून, बिल्ला लावून आलेले. ते हळूच पेंटरच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"फलक फार सुरेख झालाय हो. मीही मंचाचाच माणूस. पण ही आता मोकळी जागा झाली. सोमवारी ऑफिसात बसलो की मला तसं लिहावं लागेल. मनाला लावून घेऊ नका."

पेंटरने फलक घेऊन चौकाकडे निघालेल्या मिरवणुकीच्या पुढे धावत जाऊन शाखाप्रमुखांना गाठले.

"साहेब, सभा झाली की भिंत परत बांधून द्याल ना?"

शाखाप्रमुख थबकले. त्यांना खरोखरच दुःख झालेले दिसले.

"नवीन बांधकाम? पेंटर, तुम्ही हे म्हणावं? आपला सगळा लढा कशाविरुद्ध चाललाय?"

चौक माणसांनी फुलून गेला होता. फलक सगळीकडून दिसत होता. नेते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी गावाची एकेक वीट छातीशी धरली. बायाबापड्या डोळे पुसत होत्या. पेंटरची बायको तिथे नव्हती. ती तीन भिंतींच्या दुकानात रंगाच्या डब्यांवर चादर टाकत होती.

शेवटी आभाराच्या ठरावाच्या वेळी टाळ्यांच्या कडकडाटाने, खुर्चीसकट व्यासपीठावर आणून ठेवलेल्या आजोबांना जाग आली. हे मंचाच्या इतिहासात प्रथमच घडत होते. शाखाप्रमुखांनी जरा गडबडून ध्वनिक्षेपक त्यांच्या पुढे धरला.

"माझं काही नाही बाबांनो," आजोबा म्हणाले. "पण कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा. आपल्यात चोरी कसली?"

आता कुणालाही बोलता येणार होते. पेंटर उभा राहिला. बोटांना अजून नेत्यांच्या ओठांचा तांबडा रंग लागलेला होता. त्याने तोंड उघडले. व्यासपीठावरून सगळे त्याच्याकडे पाहू लागले, इंजिनियर बिल्ल्याशी चाळा करू लागले.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा सदरा ओढला.

"बसा हो खाली. पुढचं दिसत नाही."

पेंटरने मागे वळून पाहिले. माणूस सभ्य दिसत होता. शिकलेला, चार वर्तमानपत्रे वाचणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचे म्हणणेही रास्तच होते. पेंटर खाली बसला.

त्यानंतर तुम्हाला सगळे नीट दिसले असेल, अशी आशा आहे.