मुक्या जेवणातली तोंडी परीक्षा

"आई, तुम्ही फक्त सार्थकच्या मागं बसायचं. मोठं माणूस कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे, असा मॅडमचा नियम आहे. पण बोलायचं नाही, सुचवायचं नाही!"

एवढं बजावून सून तनुजा ऑफिसला गेली, तरी तिचे शब्द मनकर्णाबाईंच्या कानात होतेच. त्यांना हसू आलं. बोलायचं नाही? अगं, न बोलण्यात मनकर्णाबाईचा हात कोण धरणार!

चातुर्मासात त्यांचं दिवसातून एकदाच जेवण, आणि तेही मुक्यानं. जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. निघालाच तर भरल्या ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. गावाकडं पिशोरला असताना एकदा पाटाशी विंचू आला, तर बाईंनी वाटीनं ताट बडवून सगळी गल्ली गोळा केली, पण तोंड उघडलं नाही!

शाळेच्या इमारतीची दुरुस्ती निघाल्यामुळं या आठवड्यात शाळा मोबाइलवर भरत होती, आणि आज तिसरीची तोंडी परीक्षा होती. मागच्या वेळी सार्थक घाबरून गप्प बसला होता आणि वर्ग त्याला हसला होता. म्हणून यंदा पोरानं खेळ सोडून पुस्तकाचा भुगा केला होता. एकदा तरी सगळी उत्तरं द्यायची, एवढाच त्याचा हट्ट.

त्याचा नंबर यायला अवकाश होता. तोवर जेवण उरकू, असा बाईंनी बेत केला. नातवाच्या मागंच पाट मांडला, वाढायला नवऱ्याला, म्हणजे सार्थकच्या कारभारी आजोबांना बसवलं आणि पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात मोबाइलमधून सुलेखा मॅडम म्हणाल्या, "आकाशचं नेट गेलं. संस्कृतीचंही गेलं. चल सार्थक, तूच ये!"

सार्थक ताठ बसला.

"लोणी कसं काढतात?"

नेमकं त्याच वेळी बाईंना ताक हवं झालं. त्यांनी आजोबांकडं बघून हवेतच रवी घुसळली.

"दही घुसळून!"

"शाब्बास. समुद्राच्या पाण्यापासून काय मिळतं?"

वरण अळणी होतं. बाईंनी बोटांची चिमूट चोळून दाखवली.

"मीठ!"

मॅडमनी चष्मा सारखा केला. "सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?"

दारातून शेजारचं मांजर दुधावर डोळा ठेवून आत येत होतं. बाईंनी दाराकडं जोरजोरात बोट नाचवलं.

"पूर्वेला!"

"थांब! सार्थक, मागं आजी काय करतायत?"

सार्थकनं वळून पाहिलं. "जेवतायत, मॅडम."

"मीठ विचारलं की चिमूट, दिशा विचारली की बोट! हे जेवण आहे की कॉपी?"

बाईंनी जिवाच्या आकांतानं मान आणि हात हलवले.

"बघा! अजून खुणा चालूच! असं असेल तर मला शून्य द्यावं लागेल."

"मला येत होतं, मॅडम..." सार्थक रडकुंडीला आला.

आजोबांना राहवेना. त्यांनी मोबाइल इतका तोंडाशी धरला की अख्ख्या वर्गाला नुसत्या मिशा दिसल्या. "ओ मॅडम, ती कशी सुचवंल? मुकी हाय ती!"

मॅडम ओशाळल्या. "अरेरे! माफ करा हं, मला कल्पना नव्हती."

मिटलं असतं इथंच! पण वर्गातल्या सुयशची मम्मी मध्येच म्हणाली, "मुक्या कुठल्या? मी डब्यात नूडल्स देते म्हणून पालकसभेत सगळ्यांसमोर ह्याच आजींनी मला धुतलं होतं!"

मग काय, एकच गलका झाला. सगळेच पालक एकदम बोलायला लागले.

"अगं, बोल की आता!" आजोबा कुजबुजले. "लेकराचं नुकसान व्हतंय!"

बाईंनी ताटाकडं पाहिलं. वाफाळती भाकरी, तिच्यावर तुपाचा गोळा. मग नातवाकडं पाहिलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी देवघराच्या दिशेनं मान लववली, घास गिळला आणि मोबाइल हातात घेतला.

"मॅडम, माझं व्रत हाय, मी मुक्यानं जेवते. मला ताक पायजे व्हतं, मीठ पायजे व्हतं, नि ते मेलं मांजर आलं! लेकरानं लई अभ्यास केलाय. देवाशपथ, त्याचा काय बी दोष नाय. अन् ह्यांनी मला मुकी म्हणलं, ते ह्यांच्या अकलेपरमानं!"

 मॅडम टक लावून बघत होत्या. बाईंना वाटलं, विरघळल्या!

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमचे ओठ हलतायत, पण आवाज येत नाही. मघाच्या गोंधळात मी सगळ्यांना म्यूट केलंय. माइक चालू करा आणि परत सांगा."

मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. सार्थकनं डोळे पुसत माइक चालू केला, आणि बाईंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. आता सांगायला हरकत कसली? उपास पडायचा तो पडलाच होता!

मॅडमना हसू आवरेना. "बरं. सार्थकला मी पहिल्यापासून नवे प्रश्न विचारते. पण आजी, शब्द द्या. आता खूण नाही, आवाज नाही."

"दिला शब्द."

"मंग हे ताट?" आजोबांनी हळूच विचारलं.

बाईंनी ताट त्यांच्याकडं सरकवलं, उठून हात धुतले आणि पाट फिरवून भिंतीकडं तोंड केलं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. इकडं पोटात कावळे ओरडायला लागले होते, आणि माइक तर चालू! मनकर्णाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले, पोटावर घट्ट दाबून धरले आणि श्वासही बेतानं सोडत बसून राहिल्या.