व्हर्लिनने पटवलेला खेळाडू

"हा सातवा गेला!" व्हर्लिन होस्टेटलरने फोन टेबलावर आपटला, तशी कॉफी हिंदकळून टेबलक्लॉथवर सांडली.

"कोणता?" त्याच्या बायकोने, नॅडीनने, फडकं घेता घेता विचारलं. एप्रिल महिन्यात या घरात 'गेला' म्हटल्यावर कुणी वारलं असं तिला वाटत नसे. कॉलेज बदलून गेला, एवढंच.

"तो डावखुरा. आता संघात उरलंय कोण? कोच आणि पाण्याच्या बाटल्या!"

इंडियानातल्या हार्लो गावात विद्यापीठ एकच आणि त्याचा बास्केटबॉलचा संघही एकच. संघाचं नाव 'बगळे'. पूर्वी एखादा मुलगा बगळा झाला की चार वर्षं बगळाच राहायचा. आता पोर्टल नावाचा इंटरनेटवरचा बाजार निघाला होता. हंगाम संपला की ज्याला कंटाळा आला त्याने तिथे नाव टाकायचं, आणि दुसऱ्या विद्यापीठाने त्याला उचलायचं. जन्मभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकलेल्या व्हर्लिनला सुट्या भागांचा संघ मुळीच पसंत नव्हता. पोरांची नावं पाठ करणंच त्याने सोडून दिलं होतं. गेला अख्खा हिवाळा तो स्टेडियममध्ये "अरे बारा नंबर, झोपलास का!" असं आकड्यांवरच ओरडत होता.

मात्र दुसऱ्यांचं कोण फुटतंय, यावर त्याचा डोळा असे. आमच्याकडून जाणारा बेइमान आणि आमच्याकडे येणारा समजूतदार, असा त्याचा साधा हिशेब होता. त्यातून सध्या गावात एक बातमी कुजबुजत फिरत होती. ऑरेगनचा एक धिप्पाड सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, शनिवारी हार्लो पाहायला गुपचूप येणार होता. तो मिळाला तर शेजारच्या ब्रँट विद्यापीठाचं नाक कापता येणार होतं. ब्रँटने बगळ्यांना लागोपाठ इतक्यांदा हरवलं होतं, की व्हर्लिन ब्रँट गावावरून जाणाऱ्या रस्त्याने गाडीसुद्धा नेत नसे.

शनिवारी नॅडीनने त्याला बटाटे आणायला पिटाळलं. सुपरमार्केटात सूपच्या डब्यांच्या फळीवरून एक डोकं दिसत होतं. फळी व्हर्लिनपेक्षा उंच होती. वळसा घालून तो पलीकडे गेला. एक लांबलचक, लाजरा पोरगा टोमॅटो सूप घ्यावं की कोंबडीचं, या विवंचनेत उभा होता.

व्हर्लिनने इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "काय रे, पोर्टलात नाव टाकलंयस ना?"

पोरगा दचकला. "हो सर. पण... तुम्हाला कसं कळलं?"

"मला? अरे, अख्ख्या गावाला माहितीये!"

"अख्ख्या गावाला?" पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला वाटलं, कुणाला पत्ताच नसेल."

"गावात दुसरा विषय नाही! ठरलं का काही?"

"अजून नाही सर. विचार करतोय."

"विचार कसला करतोस! इथंच खेळ. आणि हे डब्यातलं सूप ठेव खाली. संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये."

बटाटे विसरून व्हर्लिन घरी धावला. वाटेत त्याने ही गोष्ट एकालाच सांगितली, पण तो एकजण न्हावी होता. जीन ॲपलगेटच्या खुर्चीत त्या दिवशी जो बसला, तो केसांपेक्षा बातमीच जास्त घेऊन उठला. संध्याकाळी होस्टेटलरांच्या घरी पाद्री आले, पोस्टमास्तरीण आली, शाळेच्या बँडमधले तिघे आले. जीन हातात कात्रीची पेटी घेऊनच आला. "इथं राहिलास तर चारही वर्षं केस फुकट," असं त्याने दारातच जाहीर केलं. बँडवाल्यांनी हिरवळीवर बगळ्यांचं गाणं वाजवलं. पोरगा चौकटीत वाकून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"बघ," व्हर्लिन नॅडीनच्या कानात पुटपुटला. "विरघळला!"

नॅडीनने शेजारणीकडून बटाटे आणून त्यांच्या लगद्यावर कोंबडी आणि शेवया असं घसघशीत ताट वाढलं. पोरगा मान खाली घालून जेवू लागला. प्रत्येक घासाला "थँक यू, मॅडम" म्हणत होता. व्हर्लिनला आता चेव चढला.

"तुझी इथं फार गरज आहे बघ. आमच्याकडे गेल्या वर्षी एक लांब्या होता. चौतीस नंबर. बाकावर बसून बसून बाक खचला, पण याने कधी बास्केटखालचा चेंडू धरला नाही. दोनदा मैदानात उतरवला, तर एकदा स्वतःच्याच माणसाला धडकला! दाराला अडसर म्हणून ठेवलेला दगड बरा. निदान दार तरी धरतो."

सगळे खो खो हसले. पोराचा काटा हातातच राहिला.

"चौतीस नंबर मीच, सर," तो म्हणाला.

हसू जिथल्या तिथे थांबलं. बँडवाल्यांतला एकजण तेवढा थोडा उशिरा थांबला.

"म्हणजे... तू ऑरेगनचा नाहीस?" व्हर्लिनने विचारलं.

"नेब्रास्काचा. कोल्बी राडेमाकर. दोन वर्षं झाली इथं." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "गुडघा दुखत होता, म्हणून... पण धडकलो ते खरंय."

पहिली सावरली नॅडीन. तिने त्याच्या ताटात आणखी एक डाव शेवया वाढल्या. "दोन वर्षं या गावात आहेस आणि एकदाही आमच्याकडे जेवायला आला नाहीस?"

"कुणी बोलावलं नाही, मॅडम." तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. मग तो व्हर्लिनकडे वळला. "म्हणूनच जायचं ठरवत होतो. सर, तुम्ही दुकानात म्हणालात, इथंच खेळ. ते मनापासून होतं का?"

सोळा डोळे व्हर्लिनवर खिळले. खरं सांगावं तर पोरगा मोडून पडणार, खोटं बोलावं तर संघ. "मनापासूनच," व्हर्लिन म्हणाला, आणि पाद्रीबाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

सोमवारी कोल्बीने पोर्टलातून नाव काढून घेतलं. कोचने ऑरेगनच्या सेंटरसाठी जी जागा धरून ठेवली होती ती याचीच होती. सेंटरने आठवडाभर वाट पाहिली आणि तो ब्रँटला गेला. ब्रँटला!

त्यानंतर गावाने व्हर्लिनला चांगलंच धारेवर धरलं. पोस्टात कुणीतरी विचारे, "व्हर्लिन, आज कुणाला जेवायला बोलावतोयस? अगोदर सांग, आम्ही दारं लावून घेतो." जीनने त्याचे केस असे कापले, की नॅडीनने त्याला चर्चमध्ये टोपी घालायची परवानगी मागायला सांगितलं. व्हर्लिनला बाजू घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पटवलेला खेळाडू त्याचाच होता. तो रोज पहाटे सरावाला जाऊन बसू लागला. नॅडीनने कोल्बीच्या गुडघ्यासाठी शेकायच्या पिशव्या शिवल्या. दर रविवारी तो जेवायला येई आणि जेवून झाल्यावर व्हर्लिन त्याला अंगणात नेऊन, ट्रॅक्टरच्या टायरवर चढून, वरून चेंडू फेकी. "धर! धर म्हणतो ना, बगळ्या!"

हिवाळ्यात कोल्बी खेळू लागला. फार भारी नव्हे, पण बास्केटखाली चेंडू आला की आता तो कोल्बीचा असे. फेब्रुवारीत ब्रँटला बगळ्यांनी हरवलं. ऑरेगनचा धिप्पाड त्या रात्री कोल्बीच्या कोपराखालून बाहेर आलाच नाही. जीनने भर स्टेडियममध्ये व्हर्लिनचा मुका घेतला.

पुन्हा एप्रिल आला. एका रविवारी कोल्बी जेवला, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. नॅडीनच्या ते लगेच लक्षात आलं.

"सर, ब्रँटचा फोन आला होता," तो ताटाकडे बघत म्हणाला. "त्यांचा सेंटर कॅलिफोर्नियाला चाललाय. जागा मोकळी आहे."

व्हर्लिनने मिठाची बाटली गोल फिरवली.

"पहिल्या पाचात घेतील?"

"हो म्हणालेत."

"आमचा कोच?"

"तो टेक्सासचा एक पोरगा आणतोय."

"गुडघ्याकडे बघायला तिथं धड डॉक्टर आहे का?"

"चांगला आहे सर, मी चौकशी केली."

"मग जा," व्हर्लिन म्हणाला. "जा आणि खेळ."

"तुम्ही रागावणार नाही?"

"रागावणार तर! वर्षातले दोन सामने. आमच्याशी खेळशील तेव्हा तुला यथेच्छ शिव्या घालीन. बाकीच्या दिवशी जेवायला ये. ब्रँट काही लांब नाही, रस्ता मला पाठ आहे."

"तू त्या रस्त्याने कधी गेलायस?" नॅडीनने विचारलं.

"जाईन आता," व्हर्लिन म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

नोव्हेंबरमध्ये, हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी, व्हर्लिन एकटाच ब्रँटला गेला. कॉलर वर करून, काळा चष्मा लावून तो खेळांच्या दुकानात शिरला. भिंतीवरून त्याने घाईघाईने ब्रँटची लाल टोपी काढली आणि मान खाली घालून रांगेत उभा राहिला.

पुढच्या माणसानेही कॉलर वर केली होती. पावती घेताना तो वळला. तो जीन ॲपलगेट होता. त्याच्या हातात लाल टोपी होती आणि बगलेत लाल स्वेटरही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"यंदा थंडी लवकरच पडली," जीन म्हणाला.

"हो ना," व्हर्लिन म्हणाला. "कान झाकायला काहीतरी हवंच."