आधी तुमची टाकी धुवा

पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे प्रत्येक फोनला एकच उत्तर होतं. "पाणी आमचं चोख आहे. आधी तुमची टाकी धुवा." हे उत्तर त्याला खुर्चीसकट सासऱ्यांकडून मिळालं होतं. तेही तिथूनच निवृत्त झाले होते आणि जाताना जावयाचं नाव वरच्यांच्या कानावर घालून गेले होते. त्यामुळे काही महिने मुलाकडे राहायला जाताना त्यांनी आपली माशांची काचेची टाकी जावयाच्या घरी आणून ठेवली, तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"जावईबापू, तेवढा काळा मासा जपा," सासरे म्हणाले होते. "तुमच्या सासूबाई गेल्यापासून माझं ऐकून घेणारा तोच एक उरलाय."

थोड्याच दिवसांत काळा मासा तळाशी जाऊन बसला. बायकोने माशांच्या दुकानातून पाणी तपासायचा संच आणला. नळीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी लालभडक झालं.

"नायट्रेट वाढलंय," बायको डबीवरचं वाचत म्हणाली. "माशांची घाण साठली, उरलेलं खाणं कुजलं, की होतं म्हणे. पाणी बदलायचं."

"म्हणजे टाकी धुवायची," अधिकारी म्हणाला. या विषयात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याने टाकी धुतली, नळाचं ताजं पाणी भरलं, त्यातलं क्लोरीन घालवायचं औषधही टाकलं. पाणी लालच. मग दोष बायकोवर आला.

"तू त्यांना खायला फार घालतेस."

"चिमूटभर घालते. तुम्हाला वाढते तसं वाढलं असतं, तर टाकीत मावले नसते."

मासे उपाशी राहिले. पाणी लालच. नायट्रेट शोषून घेतात म्हणून त्याने पाणवनस्पती आणून लावल्या, त्या उपाशी माशांनी खाऊन टाकल्या. घरी बाह्या सरसावून टाकी धुवायची आणि कार्यालयात जाऊन लोकांना टाकी धुवायला सांगायचं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं.

शेवटी एका सकाळी बायकोने नळी थेट स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरली आणि थेंब टाकले. लालभडक.

"हे तर तुमचं पाणी," ती म्हणाली.

"हळू बोल," म्हणत अधिकाऱ्याने खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी तो बाटलीबंद पाण्याचे कॅन चादरीत गुंडाळून घरी घेऊन आला. हळूहळू नळीतला लाल रंग उतरला आणि काळा मासा वर येऊन काचेला तोंड लावू लागला. अधिकाऱ्याला खरोखर भरून आलं.

सासरे परतले. आधी काळ्याशी बोलून झालं, मग जावयाकडे वळले. "पाणी कुठलं घातलंत?"

अधिकारी चाचरला. "बाटलीचं."

"शाबास. मी पहिल्यापासून तेच घालत आलो. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

"आणि लोकांना?"

"लोकांना टाकी धुवायला सांगायचो."

तेवढ्यात बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. सासऱ्यांनी आधी पेल्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"नळाचं?"

"हो. लहानपणापासून हेच तर पीत आलेय, बाबा."

सासऱ्यांनी पेला हातात घेतला. मुलगी समोरून हलत नव्हती, त्यामुळे तो तळापर्यंत संपवावा लागला.