झिलपेकाकांचं शटडाउन

झिलपेकाकांच्या घरी मिक्सर बिघडला तर तो आधी कागदावर बंद व्हायचा. माझे हे शेजारी स्टील प्लांटात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. तिथला शटडाउनचा, म्हणजे मशीन बंद करून दुरुस्तीला घ्यायचा, नियम असा, की ते चालवणारे ऑपरेशनवाले परमिटवर सही करून मशीन ताब्यात देतात, मेंटेनन्सवाले लाल टॅग लावून दुरुस्त करतात, आणि ऑपरेशनने सही करून परत घेतल्याशिवाय काम संपत नाही. सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये काका मेंटेनन्स आणि सुमनकाकू ऑपरेशन.

"परमिटशिवाय हात नाही लावत मी," हे काकांचं पालुपद. काकू कणकेच्या हाताने सही करायच्या आणि शेराही मारायच्या. "मिक्सर मिळाला. आधी बरा होता." काका तोही कागद फाइलला लावायचे.

मग त्यांची जुनी मोटार तापायला लागली. काकांनी इंजिनावरचं सिलिंडर हेड उतरवलं. आतल्या पाण्याच्या वाटा गंजाने अशा खाल्ल्या होत्या की बोट आत जाईल. प्लांटात पाण्याची रोज तपासणी करणाऱ्या या माणसाने घरच्या रेडिएटरमध्ये मात्र वर्षानुवर्षं बोअरिंगचं खारं पाणी ओतलं होतं. परमिटवर 'कारण' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मेंटेनन्सची चूक." काकूंनी खाली शेरा मारला, "गाडी दिली. लवकर परत द्यावी. पद्मनाभपूरला जायचं आहे."

पद्मनाभपूरला काकूंची धाकटी बहीण राहते. अंतर फार नाही, पण गुडघ्यांमुळे काकूंना स्कूटरवर बसवत नव्हतं.

काका घाई करणाऱ्यातले नव्हते. खाल्लेली जागा त्यांनी वेल्डिंगने भरून घेतली, हेड घासून सपाट करून आणलं, काचेवर ठेवून पाहिलं. केसाएवढा फरक निघाला. परत पाठवलं. असं दोनदा झालं. मी विचारलं तर म्हणाले, "कावून घाई करून राहिले तुम्ही? हेड आहे, पोळपाट नाही."

"पोळपाट असता तर मी कधीचा नवा आणला असता," काकू आतून म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला हेड अगदी सपाट होऊन आलं. त्याच्या आठच दिवस आधी काकू हृदयविकाराने गेल्या होत्या.

गाडी आता झकास चालते. दर रविवारी काका ती पद्मनाभपूरला नेतात, मेहुणीकडे चहा घेतात आणि परत येतात. परवा मीही सोबत निघालो. पुढचं दार उघडलं तर सीटला लाल टॅग बांधलेला, वर ते परमिट. परत घेतल्याच्या सहीची जागा कोरी. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, काम तर झालं. मी करतो ना सही."

"तुम्ही ऑपरेशनचे नाही," काका म्हणाले. "आन काम कुठं झालं? मी ट्रायल घेऊन राहिलो अजून."

त्यांनी गाडी सुरू केली, थोडा वेळ इंजिन ऐकलं.

"शटडाउन लेट केलं मी," ते म्हणाले. "तिनं लिहून देलं होतं मले."

मी पुढचं दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसलो.