तांबूचं स्थळ

महाडच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या दत्तारामाला लग्नं जमवण्याचा नाद होता. घर चांगलं तर स्थळ चांगलं, एवढंच तो बघायचा. (मुलामुलींना विचारायचं नसतं. ती लहान असतात. लग्न झालं की आपोआप मोठी होतात.)

म्हणूनच त्याच्या बायकोने, चंद्रभागेने, मागच्या दारी आसऱ्याला आलेली तांबू कुत्री त्याच्या गळ्यात मारली. भटक्या कुत्र्यांना विष घालणार अशी आवई होती, आणि घरचा मोत्या तिला उंबऱ्याजवळ फिरकू देत नव्हता. "एवढी लग्नं जमवता, हिला एक घर बघा," चंद्रभागा म्हणाली. "ही मेली तर मी तुमच्याशी बोलायची नाही."

दत्तारामाने पोलादपूरजवळच्या वाडीतले कोंडाजी हेरले. ऐसपैस पडवी, मायाळू माणसं, शिवाय त्यांच्या मुलीचं, आवडीचं, लग्न त्यानेच जमवलेलं. (आवडी शिमग्यापासून माहेरी परत येऊन राहिली होती, पण ते वेगळं.) कोंडाजी तारखेला कचेरीत आले तेव्हा बोलणी झाली. दारात वाघ्या हाय, एवढं त्यांनी सांगितलं. दत्ताराम उलट खूश झाला. भरल्या घरात सून रमते.

रविवारी तो तांबूला ट्रकमधून घेऊन गेला. वाघ्या अंगणातच गुरगुरत उभा होता.

"काका, आदी दोघांना शेतात लांबलांब फिरवू," आवडी म्हणाली. "येकमेकांस बघू द्या. मला कुनी बघू दिलं नाय."

दत्तारामाने तिला हसून गप्प केलं. नवं माणूस घरात घेताना भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, ही रीत. ती त्याने स्वतःच्या हाताने पाळली. तुकडा वाघ्याच्या पुढ्यात पडला. तांबू जन्माची उपाशी, आणि अंगण वाघ्याचं.

पुढचं दत्तारामाला नीट दिसलं नाही, कारण तो मधोमध होता. धोतर वाघ्याकडे गेलं, पोटरी तांबूकडे. कोंडाजींनी घागरभर पाणी ओतलं, त्यातलं निम्मं पाहुण्यावर.

मग आवडीने तांबूला आणि कोंडाजींनी वाघ्याला दोरी लावून, मधे अंतर ठेवून शेतावर नेलं. उन्हं कलताना दोन्ही कुत्री बरोबरीने परतली आणि एकाच गोणपाटावर टेकली. तांबू वाचली. दत्तारामाला आवडीकडे बघवेना. त्याला खरोखर लाज वाटली. (तरी जमवलेल्या स्थळांत त्याने हेही धरलं.)

कोंडाजींचं धोतर नेसून, लंगडत तो घरी आला. मोत्याने त्याला हुंगलं. दोन परक्या कुत्र्यांचा वास येताच तो उंबऱ्यात आडवा उभा राहिला आणि दात दाखवू लागला. दत्तारामाने नाव, गाव, नोकरी सगळं सांगून पाहिलं.

"तांबूचं जमलं का?" चंद्रभागेने आतून विचारलं.

"जमलं."

"मग थांबा तिथेच, भाकरतुकडा ओवाळून टाकते."

दत्तारामाने अंगणातूनच हात जोडले. "रीत राहू दे," तो म्हणाला, "आधी मला आणि मोत्याला नदीकाठी लांबलांब फिरवून आण."