आत्याचं दुखणं

ब्रिटा सोल्बर्गला डॉक्टर व्हायचं होतं आणि वाटेत ऑरगॅनिक केमिस्ट्री आडवी आली होती. भीती विषयाची नव्हती, तो शिकवणाऱ्या हार्लन क्रुप यांची होती. मिनेसोटातल्या तिच्या विद्यापीठात म्हणत, क्रुपसरांच्या वर्गात मुलं डॉक्टर व्हायला शिरतात आणि विम्याचे एजंट होऊन बाहेर पडतात. मेडिकलला अर्ज करायचा तर या विषयात मार्क हवेतच. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दुसरीकडे उरकायचा, असं तिनं ठरवलं. उत्तरेला सरोवराकाठच्या गावात एक लहानसं कॉलेज सापडलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्ना टोलेफसन या बाईंकडे भाड्यानं खोलीही मिळाली. इतक्या लांब का आलो, हे तिनं त्यांना आल्या आल्या सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी ती ऐटीत पुढच्या बाकावर बसली. दार उघडलं आणि क्रुपसर आत आले.

हजेरी घेताना ते तिच्या नावाशी थांबले. "तू आमच्याच विद्यापीठाची ना? मग इतक्या लांब कशी काय?"

आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. तेच जास्त वाईट. "इथे माझी आत्या असते, सर," ब्रिटाच्या तोंडून निघून गेलं. "आजारी आहे. तिचं बघायला कुणी नाही."

"काय होतंय त्यांना?"

"ते डॉक्टरांनाच कळत नाहीये."

इथे ती फसली. ज्याचं कारण कळत नाही अशी गोष्ट कानावर आली की क्रुपसरांना अन्न गोड लागत नसे. तास संपला की ते तिला गाठत. ताप येतो का, भूक लागते का, चक्कर येते का? ब्रिटा रोज एक लक्षण पुरवी. बघता बघता आत्याचं दुखणं अशा थराला गेलं, की ती अजून जिवंत कशी हाच प्रश्न पडावा. एका रविवारी सर केक घेऊन थेट घरीच आले.

व्हर्ना तेव्हा छपरावर चढून पन्हळीतला पाला काढत होती.

"ब्रिटाच्या आजारी आत्या इथेच राहतात ना?" सरांनी खालून विचारलं.

व्हर्नानं वाकून पाहिलं. सरांच्या पाठीमागे ब्रिटा डोळ्यांनी गयावया करत होती.

"मीच ती," व्हर्ना म्हणाली. "फार आजारी असते."

"तुम्हाला चक्कर येते म्हणे."

"येते की."

"मग छपरावर कशा?"

"वर नाही येत. खाली उतरलं की येते."

सरांनी यावर खरोखर विचार केला. "चमत्कारिकच आहे. उतरा बघू तुम्ही."

मग स्वयंपाकघरात कॉफी झाली आणि प्रश्न सुरू झाले. झोप, पचन, घराण्यातले आजार. व्हर्नानं बराच किल्ला लढवला, पण पणजोबांच्या मूत्रपिंडापाशी तिचा धीर सुटला.

"हे बघा सर, मला काही झालेलं नाही. ही माझी भाची नाही, भाडेकरू आहे. पोरगी तुम्हाला घाबरून इथवर पळून आली, तर तुम्ही इथे आधीच हजर."

ब्रिटा बशीतल्या केकचे तुकडे करत राहिली.

"मला घाबरून?" सर म्हणाले.

"मग काय मला? आणि तुम्ही हो? ऐन सुट्टीत इथे कशाला येता?"

सरांनी कप बाजूला सारला. "तिकडे मला कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "मी शिरलो की वर्ग श्वास रोखून बसतो. इथे माझं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात एका मुलीनं फळ्यावरची माझी चूक दाखवली. फार बरं वाटलं."

"म्हणजे तुम्हीसुद्धा क्रुपसरांपासूनच पळालात," व्हर्ना म्हणाली आणि तिनं त्यांना आणखी केक वाढला.

दुसऱ्या दिवशी ब्रिटानं वर्गात भीत भीत एक शंका विचारली. सरांनी उत्तर दिलं, तर त्यातून तिला दुसरी सुचली. उन्हाळा संपेपर्यंत सर तिला टाळून मागच्या दारानं निघू लागले होते. मार्क मात्र चांगले मिळाले.

पुढे मेडिकलच्या मुलाखतीत एका वयस्कर डॉक्टरांनी गुणपत्रिकेतला तो विषय बरोबर हेरला. "एवढा एकच दुसऱ्या कॉलेजातून का?"

उत्तर तिनं घोकून ठेवलं होतं. पण आत्याची आठवण झाली. "क्रुपसरांना घाबरून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अजून शिकवतात ते? माझी मुलगी यंदा त्यांच्या वर्गात जायचीय. घरात रडारड चाललीय. काय नाव म्हणालीस त्या कॉलेजचं?"

ब्रिटानं नाव सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं. सुट्टीत तिथे कोण शिकवतं ते आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं. मग तिनं विचारलं, "तुमच्या मुलीला प्रश्न विचारायची सवय आहे का, सर?"

"भयंकर. डोकं खाते."

"मग पाठवा," ब्रिटा म्हणाली.