तिसऱ्याच्या खाली, दुसऱ्याच्या वर

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मेहुणीनं ऐन लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा नाकारला आणि त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्याच्या चुलतभावाशी लग्न लावायला लावलं, त्या वर्षी माझी बायको पहिल्यांदा परदेशात आली. साल काही मला आठवत नाही. पण मेहुणीचं ते लग्न आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. या घराण्यातल्या बायका काय चीज आहेत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र निर्धास्त होतो.

निर्धास्त, कारण मी लिफ्टवाला. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे, लिफ्ट बसवणारा! वाळूच्या मुलखात बसवल्या, बेटांवर बसवल्या, नळातलं पाणी नळातच गोठतं अशा डोंगरातल्या शहरातही बसवल्या. समुद्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माझ्या लिफ्टमधून माणसं वर गेली आणि सुखरूप खाली आली. खाली आली याला जास्त महत्त्व आहे. तेव्हा मला लिहिता-वाचता येत नव्हतं, अक्षरं मी फार उशिरा शिकलो. पण परदेशात त्याचं काही अडलं नाही. तिथली पाटी आमच्या इंजिनिअरलाही वाचता येत नसे. दोघंही सारखेच ढ, फरक एवढाच की मला सवय होती.

बायको आली ती परतीचं तिकीट घेऊनच. लग्न झाल्यापासून मी वर्षाकाठी महिनाभर घरी आणि बाकीचे महिने कुठल्या तरी लिफ्टच्या विहिरीत लोंबकळत. तिनं सांगून टाकलं होतं, महिनाभर राहून बघते, जीव रमला तर तिकीट फाडू, नाही रमला तर तुम्ही तुमच्या लिफ्टशी संसार करा आणि मी आईकडे जाते. हे तिनं भांडून सांगितलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. तिनं ते भाजी निवडता निवडता सांगितलं.

जीव रमण्याची लक्षणं काही दिसेनात. लिफ्टचं काम चालू होतं त्या मालकाच्या इमारतीच्या मागच्या अंगाला आम्हाला खोली मिळाली होती. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर गिलावा पडेल इतकी जवळ. मी दिवसभर कामावर. तिला तिथली भाषा येत नव्हती आणि शेजारणींना आमची. एकदा दुपारी पाना विसरला म्हणून परत आलो, तर ही मोरीतल्या गळक्या नळाला बजावत होती की तुझं हे रडगाणं मी अजून किती दिवस ऐकून घेऊ. मला वाईट वाटलं. मी तिथल्या तिथे नळ दुरुस्त केला. संध्याकाळी बघतो तर ती आणखीनच गप्प. त्या गावात तिची एकुलती एक ओळख होती, तीही मी बंद पाडली!

मग मी बेत केला. मालकाच्या पाच मजली इमारतीत आमची लिफ्ट तयार होत आली होती. माझा जोडीदार तिसऱ्याच देशाचा, ताडमाड उंच माणूस. मी त्याला उंट म्हणायचो आणि तो मला मिस्त्री. लिफ्ट होती मालकाच्या म्हाताऱ्या आईसाठी. ती पाचव्या मजल्यावर राहायची आणि गुडघे गेल्यापासून कित्येक वर्षं खाली उतरलीच नव्हती. उद्घाटनाला मालकानं नातेवाईक बोलावले, भाडेकरू बोलावले, फोटोवाला बोलावला. मी बायकोला बोलावलं. नवऱ्याचा पराक्रम डोळ्यांनी बघितला की कुठलीही बायको विरघळते आणि तिकीट फाडते, असा माझा समज होता. उंट माझ्याआधी लग्न झालेला, पण त्यानंही मला सावध केलं नाही.

त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. गच्चीवर मशीनची खोली होती, तिची दणकट किल्ली त्या शर्टाच्या खिशात घातली तर खिसा पोटापर्यंत लोंबायला लागला. आमच्यात किल्ली म्हटली की ती बायकोच्या कमरेला. घराची तिथे, ट्रंकेची तिथे. मी सवयीनं हीसुद्धा तिच्या हातात दिली आणि तिनं सवयीनं कमरेला खोचली. लिफ्ट कुठे अडलीच तर त्या खोलीत जाऊन चाक हातानं फिरवायचं आणि ती खाली आणायची, अशी सोय असते. पण माझी लिफ्ट कशाला अडते?

पाचव्या मजल्यावर म्हातारीला आणलं. तिनं लिफ्टमध्ये डोकावून बघितलं आणि दाराची चौकट घट्ट धरली. मुलानं समजूत काढली, सुनेनं काढली, नातवंडांनी मागून ढकलायचा प्रयत्न केला. म्हातारी ढिम्म. शेवटी तिनं माझ्याकडे बोट करून काहीतरी सुनावलं. उंटानं मला समजावलं की आजीबाई म्हणताहेत, एवढी भरवशाची असेल तर ह्या मिस्त्रीनं आधी स्वतःची बायको आत घालावी.

"घालतो की!" मी छाती काढून म्हणालो.

बायको आजवर जिने चढूनच सगळीकडे गेलेली. तिनं हळूच म्हटलं, "अहो, मला नको."

"अगं, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की इस्त्रीच्या शर्टाला आतून घाम फुटला. पण गेली आत. तिच्यामागून म्हातारीही गेली. डॉक्टरच्या दारात बायका उभ्या राहतात तशा दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या. मी आतली लोखंडी जाळी ओढली, बाहेरचं लाकडी दार लावलं आणि टाळ्या घ्यायला जिन्यानं धावत खाली गेलो.

खाली दाराच्या वर मजल्यांचे दिवे लावले होते. मी बटण दाबलं. पाचवर लागला, टाळ्या. चारवर लागला, टाळ्या. तीनवर लागला, फोटोवाला सरसावला. तीनचा दिवा विझला आणि दोनचा लागलाच नाही. लोकांनी बिचाऱ्यांनी आणखी थोडा वेळ टाळ्या वाजवल्या. मग एकेक हात थांबत गेला.

मी दुसऱ्या मजल्यावर पळालो. लिफ्टवाल्यांच्या लोखंडी आकड्यानं बाहेरचं दार उघडलं. लिफ्टचा तळ माझ्या कपाळाच्या उंचीवर होता, दोन मजल्यांच्या बरोबर मधे. टाचा वर करून जाळीतून बघितलं तर वीतभरच आतलं दिसलं. दोघी चक्क खाली बसल्या होत्या. कोपऱ्याशी बायकोच्या साडीचा घोळ पसरलेला आणि समोर तीन चपला. चौथी कुठे गेली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"अगं, ठीक आहात ना?"

"आहोत."

"जाळी नीट लागली आहे ना?"

"लागली असेल. तुम्ही तुमचं काम बघा."

"मग ती वरच्या खोलीची किल्ली खाली टाक."

वर बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "सापडत नाही."

कमरेची किल्ली सापडत नाही! भीतीनं बावरली असेल म्हणून मला तिची दया आली. म्हातारीचा तर हुंदका ऐकू आला, आणि तो ऐकून मालकाचा चेहरा भट्टीतल्या विटेसारखा झाला. तो मला म्हणाला की आईला काही झालं तर तुझं पुढचं काम विसर. मालकाची बायको मात्र फारशी घाईत दिसली नाही. सासूबाई आत सुरक्षित आहेत, असं पाहुण्यांना सांगत ती सरबत वाटत होती.

माझ्या डोळ्यांपुढे मालक नव्हता. बायकोचं तिकीट होतं. नळ गेला, अब्रू गेली, आता हिला मी अधांतरी टांगून ठेवली. बाहेर पाय ठेवला की ही सरळ सामान बांधणार.

उंटाला घेऊन मी गच्चीवर गेलो. खोलीचं कुलूप मीच पसंत केलेलं, चोराच्या सात पिढ्यांना तुटणार नाही असं. त्याचा आता मला फार राग आला. मी छिन्नी धरली, उंटानं हातोडा उचलला. उंटाचा घाव म्हणजे आभाळातून वीज यावी तसा. पहिला घाव कुलपाच्या बाजूच्या भिंतीवर बसला. दुसऱ्या घावाला हातोड्याचं डोकं दांड्यातून निसटलं, गच्चीवरून भिरभिरत गेलं आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपावर जाऊन आदळलं. पाइप मोडला. मालकानं त्याच दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरून घेतली होती, पाहुणे येणार म्हणून.

पाणी जिन्यानं निघालं. ते माझ्या लिफ्टपेक्षा चांगलं चाललं. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा, कुठे म्हणून अडकलं नाही. खालून किंकाळ्या आल्या, ग्लास फुटल्याचे आवाज आले. मी पाइपाच्या तोंडावर इस्त्रीचा शर्ट काढून दाबला, तर पाणी शर्टासकट उडालं. शेवटी उंटानं खोलीच्या दाराला खांदा दिला. कुलूप शाबूत राहिलं, दार चौकटीसकट आत पडलं आणि दारावर उंट.

मी त्याच्या पाठीवरून धावत गेलो. दोन्ही हातांनी चाक धरलं. आणि चाक फिरवणार इतक्यात मोटर आपोआप घुमायला लागली! मी भुताला बघावं तसा मागे उडी मारून उंटाच्या अंगावर पडलो. मोटर छान, एका सुरात चालली होती. थोड्या वेळानं शांतपणे थांबली.

जिना मी उतरलो म्हणणं बरोबर नाही. शेवटचे दोन मजले तर मी बसूनच आलो. खाली बघतो तर सगळे पाहुणे भिजून चिंब, मालकाच्या कोटातून पाणी ठिबकतंय, आणि लिफ्टच्या उघड्या दारात त्या दोघी, कोरड्या ठणठणीत, एकमेकींचा हात धरून उभ्या. म्हातारी हसत होती. माझी बायकोही हसत होती. आल्यापासून पहिल्यांदा. फोटोवाल्यानं तेवढा एकच फोटो काढला, त्यात मागे मी उघडाबंब आलो आहे.

मालकाला मी विजेच्या दाबाबद्दल बरंच काही सांगितलं. त्यातलं मलाही थोडंच कळलं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी मान खाली घालून बायकोला म्हटलं, कुठला बिघाड झाला हेच मला सापडत नाही.

"बिघाड नव्हता," ती साडीच्या घड्या करत म्हणाली. "भीती वाटली म्हणून मी जाळी धरली. ती सरकली आणि लिफ्ट थांबली. पुन्हा चालू होऊ नये म्हणून चप्पल अडकवून ठेवली."

जाळी बोटभर उघडली तरी लिफ्ट थांबावी, ही सुरक्षेची सोय. मीच बसवलेली. दिवसभर ती उत्तम काम करत होती!

"अगं, पण का?"

"म्हातारी थरथरत होती. खालून त्या टाळ्या ऐकू येत होत्या. इतक्या वर्षांनी खाली यायचं, आणि मुलगा तिला दाखवायला नेत होता. तुम्ही मला."

"मी?"

"इस्त्रीचा शर्ट घालून."

मग मी विचारलं की इतका वेळ दोघी बोलत काय होतात, तिची भाषा तुला येत नाही, तुझी तिला येत नाही.

"ती सुनेबद्दल बोलली, मी सासूबद्दल. काही अडलं नाही. रडून घेतलं तिनं पोटभर. मग मी चप्पल काढली, जाळी ओढली, खालचं बटण दाबलं."

परतीचा दिवस आला. मी सामान बांधायला दोरी घेऊन बसलो, तर ती म्हणाली, आज जमायचं नाही, दुपारी लिफ्टमध्ये जायचं आहे, म्हातारी वाट बघेल. तिकीट तिनं फाडलं नाही. डब्याच्या झाकणाखाली ओल लागू नये म्हणून घालून टाकलं.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडायची. रोज भाडेकरू मला शिव्या द्यायचे. रोज मी पाना घेऊन गच्चीवर जायचो आणि दार नसलेल्या त्या खोलीत उंटाबरोबर विड्या ओढत बसायचो. मालकानं दोनदा मला काढायचं ठरवलं. दोन्ही वेळा म्हातारीनं त्याला सुनावलं की इतकी वाईट लिफ्ट दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येणार नाही, हाच मिस्त्री राहिला पाहिजे. मी राहिलो. बायको राहिली. मुलगी तिथेच झाली. बाकीच्या शहरांत मी नावाजलेला कारागीर होतो, तिथे मात्र पोरंसुद्धा मला बघून जिन्यानं जायची.

आमची मुलगी उभी राहायला लागली त्या हिवाळ्यात म्हातारी गेली. त्यानंतर ती लिफ्ट एकदाही अडली नाही, आणि मालकानं माझी पाठ थोपटून म्हटलं की अखेर तुला काम जमलं. उंट त्याच्या देशी परतल्यावर काही वर्षांनी गेला. बायको गेल्या उन्हाळ्यात गेली, सकाळी, घरीच.